‘पडीक’ रानात काय उगवतं?

कोकणातला सातबारा वाचायला घेतला की ‘वरकस’ हा शब्द भेटतोच. भाताची खाचरं सोडून उरलेली उताराची, मुरमाड जमीन म्हणजे वरकस. पिकाच्या रकान्यात तिच्यापुढे बहुतेक वर्षी ‘गवत पड’ किंवा नुसतं ‘पड’ लिहिलेलं असतं. शहरातून जमीन बघायला आलेल्या माणसाला वाटतं, कुणी ढुंकूनही न बघितलेली जागा दिसतेय. गावातला जुना कुणबी मात्र म्हणेल, ‘अहो, विसाव्याला ठेवलीय ती.’

अशा पाच-सहा वर्षं विसावलेल्या तुकड्यात एकदा शिरून बघा. ऐनाचं झाड कधीतरी कमरेएवढं छाटलेलं असतं आणि त्याच्या बुंध्यातून निघालेले सहा-सात फुटवे आता डोक्यावर गेलेले असतात. मधल्या जागेत कुडा, धायटी, कुंभा. करवंदाची जाळी हलकेच बाजूला केली तर काट्यांच्या आडोशाला जांभळाचं वीतभर रोप सापडतं. ते कुणी लावलेलं नसतं. जाळीवर बसलेल्या पाखराने बी टाकलं आणि काट्यांमुळे गुराचं तोंड तिथवर पोचलं नाही, एवढंच घडलेलं असतं. उष्ण कटिबंधातल्या जैवविविधतेवर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे संशोधन झालं, त्याचा गाभा कळायला असा एक तुकडा पुरेसा आहे, असं मला मनापासून वाटतं.

पहिला प्रश्न अगदी साधा. विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात इतक्या जाती का? पनामा कालव्यासाठी मोठा तलाव भरला तेव्हा, १९१४ च्या सुमारास, एका डोंगराचा माथा पाण्याबाहेर राहिला आणि त्याचं बेट झालं: बारो कोलोरॅडो. १९८० पासून स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी तिथे ५० हेक्टरांचा एक तुकडा आखला आणि एक सेंटीमीटरपेक्षा जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांक दिला. दोन लाखांहून जास्त खोडं, आणि जाती तीनशेच्या आसपास. दर काही वर्षांनी ही सगळी मोजणी पुन्हा होते. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या मुदुमलाईला असाच ५० हेक्टरांचा तुकडा आखला. ते पानगळीचं, कोरडं जंगल, त्यामुळे तिथे जाती भरल्या सत्तरच्या आसपास. दोन्ही तुकडे उष्ण कटिबंधातलेच. फरक आहे तो कोरड्या महिन्यांचा.

हा कोरड्या महिन्यांचा हिशेब सह्याद्रीत फार महत्त्वाचा आहे. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटरची ही रांग. दक्षिणेला पाऊस वर्षभर विभागून पडतो, कोरडे महिने दोन-तीनच. उत्तरेकडे, म्हणजे आपल्याकडे, पाऊस धो धो पडतो, पण चार महिन्यांत आटोपतो आणि पुढचे सात-आठ महिने झाडाला ओल जपून काढावे लागतात. म्हणून केरळातून वर येताना सदाहरित जाती एकेक करून गळत जातात. त्यातही महाबळेश्वराला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि घाट उतरून वाईत आलात की तो हजाराच्याही आत. एका बसफेरीच्या अंतरात जंगलाची जातकुळी बदलते.

पण ओल आणि ऊब मिळाली म्हणून जाती वाढायलाच हव्यात, असं थोडंच आहे? एखादी जोमदार जातच सगळं रान व्यापून का बसत नाही? याचं एक फार सुंदर उत्तर डॅनियल जान्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचवलं. ते समजायला पनामाला जायची गरज नाही. जुलैत एखाद्या जुन्या रायवळ आंब्याखाली जा. पडलेल्या कोयींना फुटलेले तांबूस कोंब शेकड्यांनी दिसतात. पुढच्या वर्षी त्याच जागी जा, बहुतेक सगळे गेलेले असतात. आईची सावली हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की ज्या किडी, ज्या बुरशा आईवर पोसलेल्या असतात, त्यांचं बिऱ्हाड तिथेच असतं, आणि पोरं त्यांच्या तोंडात पडतात. जी कोय माकडाने, वटवाघळाने किंवा माणसाने लांब नेऊन टाकली, तिला जगायची संधी जास्त. म्हणजे प्रत्येक झाडाखालची जागा त्याच्या स्वतःच्या पिल्लांना नकोशी आणि परक्या जातीच्या रोपाला मोकळी. कुठलीच जात एका ठिकाणी दाटी करू शकत नाही आणि म्हणून शेजारी शेजारी निराळी झाडं उभी राहतात. यावर अजून वाद आहेत, सगळ्याच जातींना हे सारखं लागू पडत नाही. पण पुरावा भरपूर जमला आहे.

याचाच अर्थ असा की बी लांब नेणारा प्राणी गेला की जंगलाची वीण उसवू लागते. महाधनेश हा भल्यामोठ्या चोचीचा पक्षी बेहड्यासारख्या जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो आणि अख्खी फळं गिळून मैलोन् मैल बिया पसरतो. ढोली असलेलं म्हातारं झाड तोडलं, तर गेलं ते एक झाड नव्हे. त्या ढोलीतून होणारी पुढच्या कित्येक वर्षांची पेरणी गेली.

आता शेतीकडे येतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

समशीतोष्ण देशांत जमिनीत सुपीकतेचा मोठा साठा असतो. आपल्याकडे ऊन आणि पाऊस इतका की पाचोळा झपाट्याने कुजतो आणि मोकळं झालेलं सत्त्व झाडांनी लगेच उचललं नाही, तर पहिल्या मोठ्या पावसात ते वाहून जातं. त्यामुळे डोंगरावरच्या जंगलाची पुंजी मातीत थोडी आणि उभ्या झाडांत जास्त असते. मग उतारावर धान्य पिकवायचं कसं? थोडी झाडं छाटायची, वाळवायची, पावसाआधी जाळायची. राखेतून पालाश, स्फुरद, चुना मातीत उतरतो. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक किंवा कारळे, आणि मग जमीन सोडून द्यायची. बुंधे तसेच राखलेले असतात, ते फुटतात, आणि झाडं खोलवरून सत्त्व उपसून पुन्हा पुंजी भरतात. सह्याद्रीत याला कुमरी म्हणत. रायगडात कातकरी आणि ठाकर कसतात ती दळी. ईशान्येत झूम. नावं वेगळी, हिशेब तोच.

भाताच्या खाचरांनाही या डोंगराचाच आधार होता. राब भाजताना जवळून बघितलंय का? आधी शेणाचा थर. त्यावर कवळ, म्हणजे ऐन-किंजळाच्या छाटून वाळवलेल्या डहाळ्या. त्यावर पाचोळा आणि गवत. आणि सगळ्यात वर चाळल्यासारखी बारीक मातीची पातळ चादर, म्हणजे ज्वाळा न उठता राब धुमसत राहतो. आग लावायची तीही वारा ज्या बाजूला जातो त्या टोकाकडून, वाऱ्याच्या उलट सरकत येईल अशी. संध्याकाळपर्यंत वरची बोटभर माती भाजून निघते. तणाचं बी मरतं, राख मुरते, आणि पावसाच्या तोंडावर टाकलेला भात तणाशी न झगडता उगवतो. हे पाहिलेला माणूस त्याला अडाणीपणा म्हणू शकणार नाही.

पण इंग्रज अंमलदारांच्या लेखी ही नासधूस होती. त्यांना साग हवा होता, जहाजांना आणि रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरांना. १८७८ च्या वनकायद्याने मोठमोठी रानं राखीव झाली. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतून इतका ओरडा झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगलाच्या तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला, आणि त्यापुढे राबाचा प्रश्न आलाच.

या बंदोबस्ताने काय झालं ते बोटांवर मोजून बघा. एका घराकडे डोंगरावर दहा तुकडे आहेत आणि दर वर्षी ते एक तुकडा पेरतात. म्हणजे प्रत्येक तुकड्याला नऊ वर्षं विसावा. आता त्यातले सहा तुकडे राखीव जंगलात गेले. उरले चार. खाणारी तोंडं तितकीच, किंबहुना वाढलेली. विसावा उरला तीन वर्षांचा. बुंधे फुटायच्या आत पुन्हा कोयता, पुंजी भरायच्या आत पुन्हा उपसा. मग माती धुपते, डोंगर उघडा पडतो, आणि त्याच डोंगराकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, या लोकांनी जंगल संपवलं. मेघालयात पी. एस. रामकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत हेच मोजून दाखवलं: दहा वर्षांच्या आसपासचा फेरा असेल तर माती सावरते, तो चार-पाच वर्षांवर आला की सत्त्वाचा जमाखर्च तोट्यात जातो. झूम वाईट की चांगली, हा प्रश्नच अर्धवट आहे. फेरा किती वर्षांचा, आणि तो कुणी आखूड केला, हे विचारायला हवं.

अलीकडचं एक संशोधन मला फार मोलाचं वाटतं. मिझोराममध्ये डंपा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास जयदेव मंडल आणि टी. आर. शंकर रामन यांनी पक्षी मोजले: जुन्या सदाहरित रानात, झुमीच्या शेतं-पडीक-बांबूच्या मिश्र प्रदेशात, सागाच्या लागवडीत आणि तेलताडाच्या, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडाच्या, लागवडीत. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सगळ्यात समृद्ध अर्थातच जुनं रान. त्याला तोड नाही. पण त्याखालोखाल रानपक्षी सापडले ते झुमीच्या प्रदेशात. साग मागे पडला आणि तेलताड तर पार तळाला. आता विचार करा, सरकारी नोंदीत लागवडीला ‘विकास’ म्हणतात आणि झुमीच्या पडीक रानाला ‘ओसाड’. पक्ष्यांनी आपलं मत पंखांनी दिलेलं आहे.

कारण समजायला अवघड नाही. तेलताडाच्या बागेत सगळी झाडं एका जातीची, एका वयाची, आणि खालचं झुडूप साफ केलेलं. झुमीच्या डोंगरावर एक वर्षाचं, तीन वर्षांचं, आठ वर्षांचं असं सगळ्या वयाचं रान शेजारी शेजारी असतं. कुणाला उघडं माळरान हवं, कुणाला दाट बांबू. प्रत्येकाला हव्या त्या वयाचं रान जवळपास सापडतं.

अॅमेझॉनमध्ये ही गोष्ट आणखी पुढे गेली आहे. ज्याला जग अस्पर्श अरण्य समजत होतं, तिथे जागोजागी काळी, कोळशाने भरलेली सुपीक माती सापडते. पोर्तुगीजमध्ये तिला ‘तेरा प्रेता’ म्हणतात, काळी माती. ती निसर्गाने घडवलेली नाही, तिथल्या मूळच्या लोकांनी शतकानुशतकं चुलीची राख, कोळसा, हाडं, खरकटं मातीत मुरवून तयार केली आहे. अॅमेझॉनमध्ये झाडांच्या सुमारे १६,००० जाती असाव्यात असा २०१३ चा अंदाज आहे, आणि त्यातल्या अवघ्या २२७ जातींनी निम्मं जंगल व्यापलंय. २०१७ मध्ये कारोलिना लेविस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या जास्त पसरलेल्या झाडांत माणसाने जोपासलेल्या जाती अपेक्षेपेक्षा खूप जास्त आहेत, आणि जुन्या वस्त्यांच्या खुणांजवळ तर त्या अधिकच दाट आहेत. ते जंगल काही अंशी कुणाची तरी परसबाग होतं.

पुन्हा सह्याद्रीत येऊ. इथे फेऱ्याच्या शेतीच्या जोडीला एक दुसरी गोष्ट उभी होती: कोयता कधीच न लागलेली जागा. घाटावर देवराई, कोकणात देवरहाटी, गोव्यात देवाची राय. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या. वर्तक वनस्पतिशास्त्रज्ञ, पुण्याच्या आजच्या आघारकर संशोधन संस्थेतले. त्या दिवसांत श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना कळवलं की आमच्या राईवर तोडीच्या खुणा झाल्यात, वाचवायला या. लोकांचं कारण रोखठोक होतं. ओढ्याचं पाणी या राईतून येतं. ती गेली की पाणी गेलं. देव होताच, पण देवाच्या पायाशी झराही होता.

राईचा नियम कडक असतो: पडलेली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही. हा नियम वरवर विचित्र वाटतो, सरपणाला काडी नेली तर काय बिघडतं? पण राईत आडवा पडलेला एखादा जुना ओंडका बघा. वरून शेवाळ, कडेला अळंब्या, सालीखाली भुंग्याच्या अळ्या, आणि भुसभुशीत झालेल्या लाकडात रुजलेली दोन-तीन रोपं. बाहेरच्या रानात असे ओंडके दिसतच नाहीत, सगळे चुलीत जातात. त्या एका नियमामुळे मेलेल्या लाकडावर जगणारी सगळी पंगत राईत टिकून राहिली.

दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली देवराई तर बघण्यासारखी आहे. तिथे रानजायफळाची दलदल आहे, आणि शास्त्रीय नोंद झाली तेव्हा अशा दलदलींतली ही सर्वांत उत्तरेकडची मानली गेली. ती नोंद २०१८ मधली, आणि २०२१ मध्ये ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. क्षेत्रफळ जेमतेम अडीच हेक्टर. पायाखाली बारमाही ओढ्याचं पाणी, आणि चिखलातून वर आलेली, गुडघा दुमडल्यासारखी दिसणारी मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून मूळ वर येऊन श्वास घेतं आणि पुन्हा खाली जातं. या रानजायफळाचं बी वाळलं की मरतं. गव्हासारखं ते डब्यात भरून, शीतपेटीत ठेवून जपता येत नाही. आंबा, फणस आणि सदाहरित रानातल्या कितीतरी झाडांचं असंच आहे. त्यांची बीजपेढी म्हणजे ती जागाच. जागा राहिली तर झाड राहील.

देवराया आणि फेऱ्याची शेती एकमेकींना पूरक होत्या, हे मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. विसाव्यातल्या तुकड्यात बी कुठून येणार? जवळच्या राईतून. करवंदाच्या जाळीतलं ते जांभळाचं रोप आठवा. राई नसेल तर पडीक जमिनीवर नुसतं गवत आणि घाणेरी माजते. आणि आजूबाजूला विसावणारं रान नसेल तर राई एकटी पडते. कडेने ऊन-वारा आत शिरतो, धनेशाला दोन राया जोडणारा आडोसा मिळत नाही. आज दोन्ही बाजूंनी लचके तुटताहेत. दोडामार्ग-सावंतवाडीकडे जुनं रान आणि वरकस दोन्ही साफ करून रबर आणि अननस लागलेत. कित्येक रायांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली सभामंडपासाठी शेकडो वर्षांची झाडं पडली, फरशी आली. ज्या देवाला झाडीची सावली पुरत होती, त्याच्यासाठी स्लॅब ओतताना बघून जीव तुटतो.

यावर उपाय म्हणून सगळीकडे कुंपण घालून माणसाला बाहेर काढावं, असं पुष्कळांना वाटतं. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्याचा धडा विसरू नये. ते कर्कवृत्ताच्या थोडं उत्तरेला आहे, पण गोष्ट आपल्याही कामाची. १९८२ मध्ये तिथल्या पाणथळीत म्हशी चारायला बंदी झाली. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून दिसलं की म्हशी गेल्यावर गवताने पाणी गुदमरलं आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. बंदी घालण्याआधी कुणी गुराख्यांना विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शेतातल्या बियाण्याचंही असंच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजातल्या. घेवड्या-वालांचे कितीतरी प्रकार, गावठी भात, भाज्या यांचं बियाणं त्यांनी मडक्यांत, राखेत घालून जपलं, दर वर्षी पेरून जिवंत ठेवलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दर पावसाळ्यात पुन्हा मातीत गेलेलं बियाणं बदलत्या हवेशी जुळवून घेत राहतं, हे शीतपेटीतल्या बियाण्याला जमत नाही. आणि या पिकांचे रानटी भाऊबंद अजून आपल्या डोंगरांत आहेत. खंडाळ्यावरून शास्त्रीय नाव मिळालेला एक रानमूग तर सह्याद्रीबाहेर सापडत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने चित्र थोडं पालटलं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या गावाची माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथला अभ्यास गट. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून जंगलाचा, कायद्याचा, मधाचा अभ्यास करतात. मधमाश्या न मारता मध काढायची रीत गावाने अशीच अंगवळणी पाडली. संशोधन करायला पदवीच लागते असं नाही, बसून विचार करायला वेळ आणि एकमेकांचं ऐकून घ्यायची सवय लागते.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात पाचगाव आहे. त्यांना २०१२ मध्ये हजार हेक्टरांच्या आसपास जंगलाचा हक्क मिळाला. बांबू ते स्वतः तोडतात, स्वतः विकतात. तेंदूपानं मात्र त्यांनी तोडायची बंद केली, हक्काचा पैसा हातचा सोडून. पानं चांगली यावीत म्हणून फांद्या छाटतात, रानात आग लावतात. मग झाडाला फळ धरत नाही. पाचगावच्या लोकांना फळं हवी होती, खायला आणि विकायला. शिवाय आपल्या जंगलातला सगळ्यात चांगला, सुमारे ३४ हेक्टरांचा भाग त्यांनी वेगळा काढला आणि देवाच्या नावाने सोडून दिला. तिथे कुणी तोड करत नाही. आजोबा-पणजोबांनी राखलेली राई सांभाळणारी गावं पुष्कळ आहेत. ही राई आत्ताच्या, आपल्या काळातल्या माणसांनी सभेत बसून, चर्चा करून नव्याने ठेवली आहे.

आग थांबल्यावर तेंदू वाढतो, उन्हाळ्यात पिवळ्या फळांनी भरतो. माणसं फळं वेचतात, उरलेली अस्वलं खातात, आणि बिया झाडापासून लांब कुठेतरी विष्ठेतून पडतात, आईच्या किडींपासून दूर.